सेतारीला काढलेली जवारी

निघालो त्या सकाळी आप्पा दुकानातून उठलेच नाहीत. मिरजेत आमचं सतारी बनवायचं दुकान, आणि थोरला मुलगा मी, रियाधला एक्स-रे टेक्निशियन म्हणून चाललेलो. पाया पडलो, तर त्यांनी आपली बारीक कानस माझ्या पिशवीत टाकली. म्हणाले, "घासलेलं लाकूड परत येत नाही. ध्यानात ठेव." एवढंच. मला वाईट वाटलं, रागही आला.

नव्वद साली इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा तिथून पळालेले एक इराणी उस्ताद रियाधच्या बत्हा वस्तीत आमच्या शेजारच्या खोलीत आले. नवव्या वर्षी शिराजला गुरूपाशी बसलेले, बारा वर्षं कागदाशिवाय सगळं पाठ केलेलं. तेहरानच्या रेडिओवर वाजवत. क्रांतीनंतर ते बंद झालं, म्हणून कुवेतला जाऊन पोरांना शिकवू लागले. आता तेही गेलं. उरली ब्लँकेटात गुंडाळलेली सेतार, आपल्या सतारीहून चिमुकली, चार तारांची, नखानं वाजवायची. दार लावून हळू वाजवत. ड्यूटीवरून आलो की मी भिंतीला टेकून ऐकायचो. खोटं कशाला बोलू, मिरज सुटल्यापासून पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटायचं.

युद्ध पेटलं, रियाधवरही इराकची क्षेपणास्त्रं येऊ लागली. एका संध्याकाळी सायरन वाजला आणि जिन्यात धावताना त्यांच्या हातून सेतार पडली. तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीचा टवका उडाला. मी फुशारकीनं म्हटलं, द्या इकडे, सतारवाल्याचा मुलगा आहे मी. आणि हाताच्या सवयीनं घोडीला झकास जवारी काढली. म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तार झणझणत, घुमत राहते. सतारीचा जीवच तो. सेतारीला मात्र तो चालत नाही, तिचा सूर स्वच्छ हवा. मी गाढवानं विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी तार छेडली आणि थांबले. मोडक्या हिंदीत म्हणाले, ही घोडी माझ्या गुरूंच्या हातची. मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी असा आवाज असतो?"

हो म्हणालो.

"मग ऐक."

त्या झणझणत्या तारांवरच त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवलं. मी रडलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नवी घोडी करून देतो. नको म्हणाले. नंतर भिंतीपलीकडून सेतार कधीच ऐकू आली नाही.

कुवेत सुटल्यावर ते परत तिकडे गेले. जाताना घोडी माझ्या हातावर ठेवली, सेतार तशीच बिनघोडीची नेली. पत्ता मागायचं धाडस मला झालं नाही.

पहिल्या सुट्टीत मिरजेला आलो तेव्हा आप्पांना नीट दिसत नव्हतं. घोडी त्यांच्या हातात दिली. अंगठा फिरवला आणि चेहरा उजळला. "जवारी तू काढलीस? चोख आहे रे." उभ्या जन्मात त्यांनी मला दिलेली ही एकच शाबासकी. घोडी कोणाची, ते मी सांगितलं नाही.

आप्पा गेले. दुकान धाकटा बघतो. तुम्ही गावात मागे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? माझ्या कपाटात ती घोडी आहे. तिच्यापायी मला माझं घर मिळालं, आणि उस्तादांचं उरलंसुरलं गेलं. दोन्ही माझ्याच हातून.