आज कोण न्हाय म्हणालं?

पाण्याची बाटली हातात आली की सर आधी तिचं लेबल सोलायचे, झाकण मागाहून उघडायचे. वर्ग असो, कँटीन असो, नाहीतर कुणाच्या लग्नातली पंगत. अंगठ्याच्या नखानं कड उचलायची आणि ते लेबल सावकाश ओढून काढायचं. मग बिनलेबलची बाटली समोर ठेवून ते विचारायचे, "आता हिच्यात काय ऱ्हायलं?"

नव्या वर्गातलं एखादं पोर हमखास म्हणायचं, "पाणी, सर."

"मग तहान कुणाला लागलीय ते बघा आधी. लेबल मागनं चिकटवू."

हा म्हणे मार्केटिंगचा पहिला धडा. मला विचाराल तर ती निव्वळ खोड होती. बेळगावातल्या त्याच कॉलेजात मी अकाउंट्स शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती. माझ्या खणातलं खोकल्याचं औषध कुठलं आणि गुलाबपाणी कुठलं, हे मला वास घेऊन ओळखावं लागे. असा एखादा शेजारी तुम्हालाही लाभला असेल, तर माझा त्रागा तुम्ही समजू शकाल.

सर चिकोडीकडचे, जैन. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदत होत्या. दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून शेवटचा तास संपला की ते डबा उघडत, आणि नेमके तेव्हाच जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होत. कुणी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये चिकटलेला, कुणी औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसलेला, कुणी पुण्यात लोकांना फ्लॅट दाखवत हिंडणारी, कुणी बेंगळूरला कॉम्प्युटरवर जाहिराती करणारा. पगार किती, हुद्दा काय, हे सर कधी विचारत नसत. घास गिळून त्यांचा एकच प्रश्न असे, "आज कोण न्हाय म्हणालं?"

पलीकडून काहीतरी उत्तर येई.

"का न्हाय म्हणालं? विचारलास? मग उद्या परत जा. विकू नकोस, नुसतं विचारून ये."

एकदा मी चिडवलं, "सर, पोरांनी काय विकलं ते विचारा की कधीतरी." तर म्हणाले, "मॅडम, कन्नडात इल्ला, मराठीत न्हाय. दोन्हीकडं गिऱ्हाईक उठून जातंय. पण जाताना कायतरी सांगून जातंय. तेवढं ऐकाय आलं पायजे."

मग कॉलेजला पोरं कमी पडायला लागली. बी.बी.ए.चा मार्केटिंगचा गट सरांच्या एकट्याच्या जीवावर चालत होता, आणि सर कंत्राटी. चेअरमननी बैठकीत सांगून टाकलं, की यंदा गटाला वीस पोरं मिळाली नाहीत तर गट बंद. गट बंद म्हणजे सर घरी, हे सांगायची गरज नव्हती. सगळ्या प्राध्यापकांनी सुट्टीत गावोगाव फिरून प्रवेश आणायचे, असं ठरलं. हातात रंगीत पत्रकं दिली. त्यावर मोठ्या अक्षरांत 'नोकरीची हमी' छापलं होतं. सर पत्रकाकडे बघत राहिले, तेव्हा चेअरमन हसत म्हणाले, "काय सर, मार्केटिंगचे मास्तर तुम्ही. आता बघू तुमचं मार्केटिंग."

सगळे हसले. सरही हसले, पण उशिरा.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात मी त्यांच्याबरोबर होते. त्या घरातली मुलगी कॉमर्स घेऊन बारावी झाली होती आणि तिला मार्केटिंगच करायचं होतं. वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जात आणि उरलेल्या वेळात शेतात बासमती पिकवत. पत्रक त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, हितं नोकरीची हमी लिवलंय. खरं हाय न्हवं?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर एक पोरगी पदरात पडली असती. माझ्या तर ओठांवर आलं होतं. सरांनी पत्रक त्यांच्या हातातून घेतलं आणि बाजेवर पालथं ठेवलं.

"हे ऱ्हाऊ दे आण्णा. मी सांगतो ते ऐका. तीन वर्सं शिकंल. मग बहुतेक कुठली तरी कंपनी घेईल, पण हमी मी देऊ शकत न्हाय. सुरवातीला स्कूटरवरनं दुकानं फिरावी लागत्यात. जांबोटीच्या जंगलाकडं धाडलं तर पावसात जायचं. दुकानदार उद्या ये म्हणतोय, उद्या गेलं की परवा ये म्हणतोय. वर महिन्याचं टार्गेट. पोरी रडत फोन करत्यात मला. पोरंबी करत्यात."

"मग शिकून काय उपेग?" वडिलांनी सरळ विचारलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणूस न्हाय म्हणाला की ती भ्यायची न्हाय. का म्हणाला ते तिला कळंल. तेवढंच मी शिकवतोय. ते आलं, तर मग कंपनीत सायेब होऊ दे, न्हायतर तुमचा बासमती तुमच्याच नावानं विकू दे."

मुलीच्या आईनं जेवायचा आग्रह केला. दिवस बुडाला होता, म्हणून सरांनी तांब्याभर पाणी मागितलं. तांब्याला लेबल नव्हतं, त्यामुळे त्यांचा अंगठा नुसताच त्याच्या काठावरून फिरत राहिला.

बसची वाट बघताना मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, इतकं सगळं सांगायलाच हवं होतं का? तुमची नोकरी जाईल."

"मॅडम, ह्या पोरीला मी तीन वर्सं सांगणार, गिऱ्हाईकाला फसवू नको म्हणून. आणि सुरवातीलाच तिच्या बापाला फसवून आणू व्हय?"

ती पोरगी आली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील स्वतः तिला घेऊन आले आणि म्हणाले, "ज्यानं वंगाळ आधी सांगितलं, त्येच्याकडंच घालतो." सरांचा चेहरा असा उजळला की मीही हुरळले. पण बाकीच्या घरांतूनही सर हेच सांगून आले होते, आणि तिथले बाप येळ्ळूरच्या आण्णांसारखे नव्हते. गट भरला नाही. त्या पोरीला माझ्या अकाउंट्सच्या गटात बसवलं आणि सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना त्यांनी माझ्या टेबलावरची बाटली उचलली, लेबलाकडे पाहिलं आणि तशीच ठेवून दिली. मला ते फार लागलं.

पोरीनं त्यांना सोडलं नाही. रोज संध्याकाळी ती त्यांना फोन करायची, आणि जमाखर्चाच्या तासाला मला मार्केटिंगचे प्रश्न विचारून भंडावून सोडायची. पुढे एका दूध कंपनीत लागली आणि खानापूरकडची दुकानं फिरायला लागली.

सरांशी माझं शेवटचं बोलणं फोनवरच झालं. आवाज थकलेला होता. म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. माझ्या पोरांच्या हाताला काय लागलं का? का मी नुसतं उनात फिराय लावलं त्यांस्नी?"

"असं काय बोलता सर," मी म्हटलं. तोंडदेखलं बोलणं त्यांना लगेच कळायचं.

"बरं, असू दे," ते म्हणाले आणि माझ्या मुलाची चौकशी करायला लागले.

ह्या उन्हाळ्यात ते गेले. हृदयविकारानं, झोपेतच. मी चिकोडीला पोहोचले तेव्हा अंगणात मांडव घातला होता आणि सतरंज्यांवर त्यांची पोरं बसली होती. पुण्याची आली होती, बेंगळूरचा आला होता, ट्रॅक्टरवाला, औषधवाला. येळ्ळूरची पोरगी कंपनीच्या टी-शर्टवर, दुकानं फिरता फिरताच आलेली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून शेजाऱ्यांनी पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स आणून ठेवले होते. पोरं खाली मान घालून एकेक बाटली घेत होती.

सगळे गेल्यावर वहिनी, म्हणजे सरांची बायको, आणि मी रिकाम्या बाटल्या गोळा करायला लागलो. पोतं अर्धं भरलं आणि वहिनी थांबल्या.

"मॅडम, हे बगा."

एकाही बाटलीवर लेबल नव्हतं. सतरंजीच्या कडेनं ती लेबलं पडली होती, कुणी घडी घातलेली, कुणी बोटाला गुंडाळून सोडलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातांनीच ते केलं होतं.

वहिनींना आधी हसू आलं आणि मग त्या मटकन खाली बसल्या. मीही त्यांच्याजवळ बसले आणि रडले. पोरांच्या हाताला काय लागलं, असं सरांनी मला विचारलं होतं, आणि मला आता खरं सांगता आलं असतं.

संध्याकाळी भंगारवाला दारावरून ओरडत गेला. शेजारणीनं पोतं बाहेर काढायला हात घातला, तर वहिनी आतूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. ते न्हाय द्यायचं."