भरतीच्या वेळी रस्ता बंद

ती घटना आठवली की दोन गोष्टी होतात. डोकं तापतं, आणि उजवा पाय ओला झाल्यासारखा वाटतो. पायाचं कारण पुढे येईल. आधी डोक्याचं सांगतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची भारी नवलाई. धाम नदीला पूर आला की आपण मोटारसायकली काढतो आणि पवनारला जाऊन तासभर नुसतं पाणी बघत उभे राहतो. अशा माणसाला कुणी म्हणालं, ‘समुद्राकाठी तुमचा स्वतःचा फ्लॅट’, तर तो कुठे सही करायची एवढंच विचारतो.

असं म्हणणारा एक गृहस्थ शहरात होता. गृहस्थ हा शब्द मी छपाईच्या लाजेपोटी वापरतोय. पोलीस ठाण्यात नोकरीला होतो तेव्हा वेगळा वापरायचो. लोक त्याला ‘सर’ म्हणत. आधी तो विमा विकायचा, मग प्लॉट विकू लागला, आणि मग त्यानं कोकणातल्या एका किनारी गावातले फ्लॅट विकायला काढले. योजना अशी की फ्लॅट तुमच्या नावावर, पर्यटकांना तो भाड्यानं देण्याची कटकट सरांची, आणि भाडं दर महिन्याला तुमच्या खात्यात. ‘तुम्ही नालवाडीत चहा प्या, तिकडे समुद्र तुमच्यासाठी कमावतो,’ हे त्याचं पेटंट वाक्य. नालवाडीपासून आष्टीपर्यंत मास्तर, दुकानदार, निवृत्त कारकून रांगेनं लागले. सर त्यांना ट्रॅव्हल्सच्या गाडीत घालून नेई, बिल्डिंग दाखवी आणि शंख लटकवलेली चावी हातात देई.

माझ्यापर्यंत हे प्रकरण आणलं नालवाडीच्या एका बाईंनी. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. बरोबर मुलगा होता. वय तिशीच्या पुढचं, समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. त्याच्या हातात ती शंखाची चावी. ठाणे अंमलदारानं कौतुकानं मागितली तर दिली नाही.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘साहेब, मी हाय तोवर याले भाकर हाय. मी गेल्यावर कोन देईन? नातेवाईक चार दिवस करतीन. म्हनून आयुष्यभराचं सारं त्या फ्लॅटमंदी घातलं. म्हटलं, माणसं मरतात, भाडं काई मरत नाई.’’

भाडं काही महिने आलं आणि मग थांबलं. सर म्हणे सीझन नाही. सिस्टरना शंका आली, म्हणून त्यांची पुतणी आणि तिचा नवरा तिकडे जाऊन आले. ‘‘बिल्डिंगपावतर पोचूच शकले नाई साहेब. रिक्षावाला म्हने, भरतीच्या वेळी रस्ता बंद असतो. दोन दिवस गेलते, दोनी दिवस भरतीच चालू, वापस आले.’’

आता हे वाचणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसानं जरा दम धरावा. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात ‘भरती’ या शब्दाचा अर्थ एकच. पहाटे नालवाडीच्या रस्त्यानं धापा टाकत पळणारी पोरं, छातीचं माप, गोळाफेक. शाळेत भूगोलात दुसरी भरतीही शिकवली होती म्हणतात. त्या दिवशी मी बहुधा गैरहजर असेन.

मी खुर्चीत रेलून, अनुभवी आवाजात सांगितलं, ‘‘सिस्टर, त्यात काही काळंबेरं नाही. धावण्याची चाचणी असली की रस्ता बंद ठेवावाच लागतो. आपण इथेही ठेवतो. भरती संपली की रस्ता मोकळा.’’

‘‘असं होय!’’ सिस्टरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझे हवालदार लगेच पुढे सरसावले. ‘‘साहेब, तिकडे जागा जास्त निघाल्या काय? माह्या साळ्याले फॉर्म भराले लावतो.’’

मी एवढ्यावर थांबलो नाही. त्या किनारी ठाण्याला रीतसर पत्र लिहिलं: ‘आपल्याकडील भरती केव्हा संपते ते कळवावे, जेणेकरून घटनास्थळाचा पंचनामा करणे सोयीचे होईल.’ जावक क्रमांक टाकून, सही-शिक्क्यानिशी.

भाड्याचं कोडं मात्र लवकर सुटलं. आणखी लोक येऊन फिर्यादी देऊ लागले. बँकेचे उतारे काढले तर जुन्या घेणाऱ्यांना जे ‘भाडं’ जात होतं, ते नव्या घेणाऱ्यांच्याच पैशातून जात होतं. त्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू असा कधी राहिलाच नव्हता. का राहिला नव्हता, ते कळेना. बिल्डिंग खरी, दस्त खरे, खाली मार्बल.

सरला अटक करून समोर बसवला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात मध.

‘‘साहेब, मी बी फसलोच ना! तिकडच्या बिल्डरनं मले फसवलं. गिऱ्हाईक येऊन नाई राह्यलं, तं मी खिशातून भाडं देऊन राह्यलो होतो. लोकायच्या भल्यासाठी. मी वर्ध्याचा मानूस, मले समुद्रातलं काय समजते?’’

‘‘भल्यासाठी?’’ हवालदार म्हणाले. ‘‘मंग आमचंबी भलं करतं का? खरं बोल.’’

पण तो हलेना. वकिलानं त्याला नीट पढवलेलं होतं. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून बेइमानीचा हेतू होता हे दाखवावं लागतं. नाही तर ‘धंदा बुडाला, दिवाणी वाद आहे’ म्हणून आरोपी मिशीला पीळ देत बाहेर जातो. आमच्या वरिष्ठांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘‘त्याला आधीपासून माहीत होतं, हे दाखवता येईल?’’ मी ‘‘हो सर’’ म्हणालो. काय माहीत होतं, हे मलाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक जबाबात येत होती. लोक चिडून का होईना, सरचं एक कौतुक करत. माणूस वेळेचा पक्का. सिस्टर म्हणाल्या होत्या, ‘‘आमी जेवाले बसलो होतो, तं अर्ध्या ताटावरून उठवलं त्यानं. आत्ताच बिल्डिंग पाहाले चाला म्हने. मले वाटलं, कामाचा मानूस हाय.’’ आपल्याकडे अकराच्या लग्नाला एकला पोचणारी माणसं. वेळ पाळणारा दिसला की आपल्याला तो सचोटीचाच वाटतो. मलाही वाटला. मी ते नुसतं लिहून घेतलं.

पोलीस कोठडी घेऊन आम्ही पंचनाम्याला निघालो. जीपमध्ये मी, हवालदार, चालक, आरोपी आणि वर्ध्याहूनच घेतलेले दोन पंच. सगळे कोरड्या मुलखाचे. पोचल्यावर तिथल्या ठाण्यात आधी नोंद करायची असते. मी म्हटलं, आधी जागा बघू, मग चहा प्यायला ठाण्यात जाऊ. साहेब म्हणजे साहेब.

लॉजवरून निघताना सर कुरकुरायला लागला. ‘‘साहेब, पोटात दुखून राह्यलं. जेवून जाऊ ना दुपारी.’’ मी म्हटलं, नाटकं नकोत.

बिल्डिंग खाडीपलीकडे होती. मधून एक बुटका सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिखल, त्यात होड्या कुशीवर कलंडलेल्या. ऊन लख्ख. रस्त्याच्या मध्यावर मी जीप थांबवली, पंचांना उतरवलं आणि टेपनं रुंदी मोजायला सुरुवात केली. सर जीपमध्ये बसून दर क्षणाला डावीकडे बघत होता.

‘‘साहेब, चाला ना.’’

‘‘गप बस.’’

‘‘साहेब, गाडी वळवा. मी हात जोडतो.’’

‘‘काऊन बे?’’ हवालदारांनी विचारलं.

‘‘पानी येते!’’

मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचं ठिगळ नाही. ‘‘कुठून येतंय पाणी?’’

‘‘वरून नाई साहेब, खालून येते! बाजूनं येते! चाकं बुडतात, इंजिन बंद पडते, मागं एक गाडी गेली माही!’’

मग हवालदार त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाले, ‘‘तुले तं समुद्रातलं काईच समजत नाई ना, सर?’’

त्याचा चेहरा असा उतरला की मला तिथेच जिंकल्यासारखं वाटलं. शहाणा अधिकारी अशा वेळी गाडी वळवतो. मी पंचांना जवळ बोलावलं आणि हे शब्दशः लिहून घ्या म्हणून सांगायला लागलो. तेवढ्यात काठावरून एक कोळी दोन्ही हात हलवत ओरडला, ‘‘ओ सायबानू! भरती इली! मागे फिरा!’’

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘हे ती भरती व्हय.’’

चिखलात पाणी सरपटत येत होतं, आवाज न करता, मांजरासारखं. जीप वळवताना एक चाक कडेला उतरलं ते उतरलंच. शेवटी आम्ही सगळे, आरोपीसकट, गुडघाभर पाण्यातून एकमेकांना धरून बाहेर आलो. पंचनाम्याचे कागद हवालदारांच्या डोक्यावर. माझा उजवा बूट अरबी समुद्रात जमा. जप्तीची पावती मिळाली नाही. काठावर मासळी सुकवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यांची काही चूक नव्हती.

वर्ध्याला परतलो तेव्हा माझ्या पत्राचं उत्तर टेबलावर होतं. एकच ओळ: ‘आमच्याकडे भरती दररोज दोन वेळा असते.’ त्या दिवसापासून ठाण्यात माझं नाव ‘भरती साहेब’ पडलं, ते निवृत्तीच्या हारापर्यंत टिकलं.

पोलिसांसमोर आरोपी काय ओरडला त्यावर कोर्ट निकाल देत नाही. पण कुठे खणायचं ते कळलं. मी सगळ्या फिर्यादींना त्यांचे मोबाइल घेऊन बोलावलं. प्रत्येकानं बिल्डिंगसमोर सहकुटुंब फोटो काढलेला होता. कुणाचा सकाळचा, कुणाचा भर दुपारचा, कुणाचा दिवेलागणीचा. वेळा सगळ्या वेगळ्या, पण मागे होड्या कलंडलेल्याच. एवढी कुटुंबं समुद्राकाठी फोटो काढून आली, आणि त्या खाडीत एकाही फोटोत पाणी नाही! बंदर खात्याकडून त्या त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा मागवल्या. प्रत्येक फोटो ओहोटीचा. वेळेचा पक्का माणूस! अर्ध्या ताटावरून तो लोकांना का उठवायचा, ते आता कळलं. दिवसातून दोनदा जिचा रस्ता बुडतो, पौर्णिमा-अमावास्येला जिच्या तळमजल्यावर पाणी चढतं, अशी बिल्डिंग त्यानं मातीमोल घेतली होती आणि चंद्राची वेळ बघून विकली होती.

वेळा समोर ठेवल्यावर तो बोलला. मी विचारलं, ‘‘सिस्टरच्या मुलाला बघूनही विकलास?’’ तर म्हणतो, ‘‘मी कुठं जबरदस्ती केली साहेब? त्याईनंच पसंत केला. पोरगा चावी सोडून नव्हता राह्यला.’’ इतक्या वर्षांत मी आरोपीवर हात उचलला नाही असं छातीठोक सांगतो. त्या दिवशी मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो, म्हणून सांगू शकतो.

त्याची मालमत्ता तपासली. समुद्राकाठी स्वतःसाठी एक वीट घेतलेली नव्हती. त्याचे गाळे होते वर्ध्यातच, पाणी कधी साचत नाही अशा चढावरच्या रस्त्याला, आणि त्यांचं भाडं एकही महिना चुकलेलं नव्हतं. ते गाळे जप्त झाले, दोषारोपपत्र गेलं. मी निवृत्त झालो. लोकांना त्यातून पैसे मिळायचे आहेत. तारखा पडतात. तो जामिनावर आहे आणि कोर्टात अजूनही वेळेवर येतो.

तपास संपल्यावर मी सिस्टरकडे गेलो. भरती म्हणजे काय ते या खेपेला नीट सांगितलं, हात हलवून, पाणी कसं येतं ते. पत्राचा किस्साही सांगितला. त्या हसतील असं वाटलं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘साहेब, म्हंजे भरती संपत नाई?’’

‘‘नाही सिस्टर. रोजच असते.’’

‘‘तुमी म्हटलं होतं, भरती संपली का रस्ता मोकळा. मी दिवस मोजून राह्यली होती. याले तिकडं न्यावं म्हनून याची बॅग बी भरून ठेवली.’’ दाराआड खरंच एक बॅग होती. मुलगा तिच्यावर बसला होता, शंख कानाला लावून.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, ज्याला फार घाई आहे त्याला कशाची घाई आहे ते विचारा. दुसरं क्वचित सांगतो: ठाण्यात आलेल्या माणसाला आपल्याला ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणा. तो आपल्या तोंडचा शब्द घरी घेऊन जातो आणि त्यावर बॅग भरतो. सर खोटं बोलला, पैशासाठी. मी फुकट बोललो, खुर्चीत रेलून. बाईंना दोघांचंही सारखंच खरं वाटलं होतं.

हा किस्सा मी लग्नाकार्यात खूप सांगतो. लोक बुटापर्यंत पोट धरून हसतात, आणि मी बुटापाशीच थांबतो. नालवाडीत मात्र तो कधी सांगत नाही.