दातातली चावी

वीस टनाचं पोकलेन मी एका हातानं धुतो आणि दुसऱ्या हातात तेव्हा चहाचा कप असतो, असं सांगत मी सिरसाळ्याच्या रस्त्यावर अर्धं आयुष्य काढलं. मशीनच्या पोटाखाली शिरताना काळजाचं पाणी होतं, एवढंच तेवढं सांगायचं राहून गेलं.

ज्यानं मला या कामाला लावलं त्या उस्तादानं पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता. "खाली शिरणाऱ्यानं मशीनची चावी दातात धरायची. खिशातली कुणीबी मागून नेतंय. दातातली न्यायची तर आधी तुझं थोबाड उघडावं लागतंय. ते तर चोवीस तास उघडंच असतंय म्हणा!"

त्या दुपारी आधी रेडिएटर साफ केला. मुरमाची धूळ अन् कापसाचा भुगा जाळीत असा बसलेला, की ज्वारी पेरली असती तर खंडीभर निघाली असती. जोराचं पाणी मारलं की जाळीच्या पात्या वाकतात, म्हणून आतून बाहेर हळूहळू हवा मारली. मग चेसीचा, म्हणजे मशीनच्या पोटाचा, चिखल काढायला चावी दातात धरली, पंपाची गन घेतली आणि चाकांच्या जागी असतात त्या दोन्ही चेनांच्या मधोमध उताणा सरकलो. नाकाच्या वर हातभर जागा.

अन् मशीन चालू झालं.

मी जिभेनं चावी चाचपली. होती. दातातच होती.

ओरडलो, तशी ती चिखलात पडली. एरवी मी सिरसाळ्यात शिंकलो तर धर्मापुरीच्या देवळातली कबुतरं उडतात. त्या दिवशी माझी बोंब माझी मलाच ऐकू आली न्हाई. चेन करकरली. मशीन सरळ गेलं तर मी वाचणार होतो. जरा जरी वळलं तर चेन माझ्या अंगावरून जाणार होती. समोर जमिनीला टेकलेलं बकेट दिसत होतं. केबिनमध्ये बसलेल्याला दिसावी म्हणून मी गनची धार त्याच्यावर सोडली अन् डोळे मिटले. पाणी धाडधाड आपटत राहिलं.

मशीन थांबलं. केबिनमधून दुसऱ्याच पोकलेनचा ऑपरेटर उतरला. त्याला आपलं मशीन धुवायला जागा पाहिजे होती.

"कोण हाय बे खाली?"

"मी हाय! चालू कावून केलंस? अन् कशानं केलंस?"

"माझ्या चावीनं. एका कंपनीच्या समद्या मशीनला एकच चावी लागती, ठाव न्हाई व्हय तुला?" तो खाली वाकून बघू लागला. "पंप चालू दिसला. वाटलं, गेला असशील चहाला. तूच सांगतोस की, कप कायम हातात असतो म्हणून!"

हा किस्सा पार चकलांब्यापर्यंत मी सांगितलाय. त्यात मशीन माझ्यावरून तीनदा जातं आणि चौथ्यांदा मी ते पायानं थोपवतो. चिखलात चेन सरकल्याची खूण मात्र वीतभरच होती. मी ती मोजली, एकदा न्हाई, चारदा.

आता खाली शिरण्याआधी मी बॅटरीची वायर काढून ठेवतो, म्हणजे कुणाचीच चावी चालत न्हाई. तरी चावी दातात धरतोच, अन् काम संपेपर्यंत दर घडीला जिभेनं ती चाचपत राहतो.