वहिनीची बरणी

हिंगाची धुरी नाकात गेली की दुष्काळातला तो उन्हाळा आठवतो. परसातल्या आंब्याला आलेल्या मोजक्या कैऱ्या चिरून, मीठ लावून तयार होत्या. नव्या वहिनीने माहेरची चिनी मातीची बरणी हिंग टाकलेल्या निखाऱ्यावर पालथी घातली आणि आतून ‘तट्’ असा आवाज आला. “झिलई तडकली! आता मीठ पाझरंल, लोनचं नासंल,” आत्या कडाडली. “म्हायेरानं फुटकंच दिलं व्हय?” घरात दुसरी बरणी नव्हती. वहिनीने हात मागे घेतला. आईने फडक्याने बरणी उचलली, खाली ठेवली आणि टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. “निखारा तडकलाय, वन्सं. लोनचं हिच्याच हातानं भरू द्या.” अजूनही बरणी भरण्याआधी मी टिचकी मारते आणि वहिनी आतल्या खोलीतून विचारते, “वाजली का गं?”