खोट मागणारी पोरगी

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात शाळेच्या गणवेशातली एक पोरगी मला आडवी आली. शाळेतल्या थ्रीडी प्रिंटरवर तिनं प्लॅस्टिकची मूठ बनवली होती. जड पिशवीचे बंद तीत अडकवले की बोटं कापत नाहीत म्हणे.

"मावशी, फुकट वापरा, फक्त खोट सांगा."

मी भाजीची पिशवी त्या मुठीत अडकवून एसटी स्टँडकडे निघाले. ती शेजारून चालत माझ्या तोंडाकडे नव्हे, बोटांकडे बघत होती.

"आतापर्यंत कोणी काढली का खोट?"

"न्हाई ना! लेकरू म्हणून सगळ्या बाया 'छान छान'च म्हणून राहिल्या. खोट कळल्याबिगर दुसरी सुधारून बनवू कशी?"

या कामात माझा हात कोणी धरत नाही. मूठ घामानं निसटते, कडा टोचते, बंद सुटतात आणि रंग मेलेल्या सरड्यासारखा आहे, असं मी एका दमात सांगितलं. तिचा चेहरा खुलत गेला.

"मावशी, पुढच्या बाजाराला बराबर इथंच या!"

घरात माझ्या या स्वभावापुढं सगळे हात जोडतात. बाहेर त्याला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळालं होतं. मी लगेच 'येते' म्हणाले.