यंत्राचं घरकाम

औषधांच्या त्या घाऊक पेढीत सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरकीशी काडीचा संबंध नाही हो, काम मशीन सांभाळायचं! पण कॉम्प्युटरच्या खोलीत शिरला, की आधी कपाटाएवढ्या मशीनच्या कुशीला तळहात लावायचा.

"काय म्हणतोय पेशंट?" बिलं करणाऱ्या ताई विचारायच्या.

"धाप लागलीय," म्हणायचा आणि खुर्ची ओढायचा. उभी नोकरी त्या एका खोलीत गेली. लग्न ठरल्याचा निरोपसुद्धा तिथल्याच फोनवर आला होता.

हल्ली मात्र धाप खरीच होती. बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक जांभया देत बसायचं. नव्या साहेबांनी सकाळीच बजावलं, "संध्याकाळपर्यंत हे ताळ्यावर आलं नाही, तर उद्यापासून नवं मशीन. ते मुख्य कचेरीतून चालतं. मग या खोलीचं काही काम नाही."

खोलीचं म्हणजे कोणाचं, ते त्याला बरोबर कळलं.

त्यानं पडद्यावर कामांची यादी उघडली. कोणतं काम प्रोसेसरचा किती वाटा खातंय, ते तिथे दिसतं. सगळ्यात वर होतं गोदामाचा साठा जुळवणारं काम, सकाळपासून चरत बसलेलं. "सापडला खादाड!" म्हणत त्यानं ते मधेच तोडलं.

मशीन आणखी मंदावलं.

"अहो डॉक्टर, इंजेक्शन उलटं टोचलंत की काय?" ताई बाहेरून ओरडल्या.

त्याला हसू आलं नाही. त्यानं छपाईचं काम बंद केलं, मग हिशेबाचं. यादी ओस पडली, तरी प्रोसेसर तुडुंब. घरात चिटपाखरू नाही आणि पिंपातलं पाणी उतरतंय, तशी गत.

मग नाइलाजानं त्यानं दुसरा पडदा उघडला. मशीन कोणी न सांगता जी कामं आपली आपण करतं, ती माणसांनी दिलेल्या कामांच्या यादीत येत नाहीत. ती इथे दिसतात. एवढ्या वर्षांत तो तिकडे फारसा फिरकलाच नव्हता. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कशाला डोकवा! आणि सगळा प्रोसेसर तिथेच खपत होता. साठ्याचं काम त्यानं अर्ध्यात तोडलं होतं ना, म्हणून त्या कामानं केलेला एकेक बदल मशीन मागे घेत होतं. विणलेला स्वेटर उसवून लोकर पुन्हा गुंडाळावी तसं. चालू दिलं असतं, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आपसूक उरकलं असतं.

तो साहेबांकडे गेला. "साहेब, चूक माझी आहे. पण आता कोणी हात लावू नका. ते आवरतंय. सकाळपर्यंत जागेवर येईल."

साहेब माणूस वाईट नव्हता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डॉक्टर, मी संध्याकाळ म्हटलं होतं." आणि फोन उचलला.

घरी बायकोनं ताट वाढलं. "काय हो, माझी सवत काय म्हणतेय?"

"घर आवरतेय."

"कोणासाठी?"

त्यानं ताट जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर खोलीत गेला. मशीननं सगळं आवरून ठेवलं होतं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, आयुष्यभर बघावासा वाटला होता तितका. बाहेर ताईंची बिलं भराभर निघत होती, नव्या मशीनवरून. यादीत एकच काम उरलं होतं: त्याचा स्वतःचा पडदा; मशीनच्या लेखी उघडा पडदा हेही एक कामच.

त्यानं कुशीला तळहात लावला. गार लागली. "काय म्हणतोय पेशंट?" असं आज कोणी विचारलं नाही. मग त्यानंच तो पडदा बंद केला; नीट, काही अर्धवट न सोडता.