सीटखालचा जुना पट्टा

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कापसाचं एक साल बरं गेलं आणि आम्ही एक जुनी मोटार घेतली. धुळ्याजवळच्या आमच्या गावात ती पहिलीच, त्यामुळे मला आभाळ ठेंगणं झालं होतं. वडील, म्हणजे आबा, तिच्याकडे बैलगाडीच्याच नजरेनं बघायचे. आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, गाडीचे सगळे दोर बदलायचे, धड असले तरी बदलायचेच, ही त्यांची रीत. सोडलेला दोर मात्र फेकायचे नाहीत. गाडीखाली बांधून ठेवायचे.

त्या साली मिस्त्रीनं मला पंख्याच्या पट्ट्यावरच्या भेगा दाखवल्या. या पट्ट्यावर पंखा फिरतो आणि इंजिन थंड राहतं. "अजून महिनाभर ओढेल," तो म्हणाला. मला तेवढं पुरे होतं, आबांना नव्हतं.

"जुना व्हयना ना? मंग बदली टाक. वाटमा तुटना तं काय करशी?"

चालता पट्टा काढायचा हा कुठला शहाणपणा, म्हणून मी दोन दिवस वाद घातला. शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी नवा पट्टा आणला आणि रागारागात स्वतःच चढवला. गाडीचा दोर पाय लावून ताणतात, तसा चांगला ताणून बसवला. पट्टा किती ढिला ठेवायचा, हे मिस्त्रीला विचारायला मला कमीपणा वाटला. जुना पट्टा उकिरड्यावर भिरकावला.

आई गेल्यावरची ती पहिली आखाजी होती. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. आईच्या नावाची घागर दुपार व्हायच्या आत भरायची होती, आणि शिंदखेड्याला दिलेल्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, निरोप पाठवला होता, "मायनी घागर मीच भरसू." सासू आजारी, म्हणून तिला सणाच्या सकाळीच निघता येणार होतं. एवढी एकच गोष्ट तिनं मागितली होती. मी पहाटेच तिला आणायला गेलो.

नवी कोरी घागर मांडीवर घेऊन ती मोटारीत बसली. अर्ध्या वाटेवर फटकन आवाज झाला आणि समोरून वाफ निघाली. झाकण उघडलं, तर नवा पट्टा तुटलेला! मी आधी आबांच्याच नावानं खडे फोडले. मग मी ताणलेला तो पट्टा आठवला आणि तोंड बंद केलं.

"भाऊ, किती वाजनात?" अक्कानं विचारलं. तिचे डोळे भरले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

पाना काढायला सीट उचलली, तर खाली जुना पट्टा! धुतलेला, गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. आबांनी तो उकिरड्यावरून उचलून आणला होता, आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत मी तो भीत भीत, ढिलाच चढवला.

आता इंजिनात ओतायला पाणी हवं होतं. शेजारच्या शेतात विहीर होती, पण भांडं एकच. अक्का उठली, घागर भरून घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"अक्का, घागर उष्टी होईल."

"पानी पाजाबिगर माय कोनले जाऊ देत व्हती का?"

त्या जुन्या पट्ट्यानं आम्हाला दुपारच्या आत घरी आणलं. आबा दारातच उभे होते. अक्कानं हात-पाय धुऊन घागर घासली, भरली आणि आईच्या नावानं मांडलेल्या जागी ठेवली. मी सगळं सांगून टाकलं, माझं ताणणंही आणि घागरीचंही. आता हे चिडणार, असं मला वाटलं.

"उद्या नवा पट्टा आन," आबा म्हणाले, "मिस्त्रीकडथून बसाड. जुना सीटखाले ऱ्हाऊ दे."

मग ते घागरीसमोर बसले, पाण्यावरचं आंब्याचं पान सरळ केलं आणि हळूच म्हणाले, "मोटर आधी पिनी. रागावू नको."